घोडीच्या पायातलं रेडियम

माझं लग्न एका घोडीशी झालं, असं मी नातवंडांना सांगते. ती हसतात, पण त्यात खोटं फारसं नाही. मला बघायला मुलगा येणार होता तेव्हा तो एस्टीनं येईल की मोटारसायकलवरून, यावर आमच्या घरात दोन मतं होती. हा माणूस आला घोडीवरून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि तिथंच निकाल लागला. पोह्यांची बशी पुढं करताना मी मान खाली घातली होती. आत्या म्हणाल्या, पोर लाजाळू आहे. लाज कसली डोंबलाची, रिकिबीत घासून गुळगुळीत झालेले त्याचे बूट मी न्याहाळत होते. डी.एड. झालेली, शाळेत नोकरी लागलेली मुलगी मी, आणि त्याचं नाक कसं आहे, स्वभाव कसा आहे, काही म्हणता काही पाहिलं नाही.

पुढं संसारात पगार माझा आणि रुबाब ह्यांचा, अशी वाटणी झाली. अक्कलकोट रस्त्याला लागून आमची थोडी जमीन, तिथंच घर, आणि घराला चिकटून तबेला. तबेला म्हणजे एका घोडीपुरता पत्रा. ह्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या घोडी होती. सासऱ्यांच्या काळात ती मिरवायला होती, ह्यांच्या काळात ती परण्याला जाऊ लागली. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या देवळात नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात, तो परण्या. लोकांना खरं तर पांढरी घोडी हवी असते. आमची शेवटची घोडी चिंचोक्याच्या रंगाची होती. पण एकदा साज चढवला की तिचं नाक आणि डोळे सोडून काही दिसायचंच नाही, त्यामुळं कुणी तक्रार केली नाही. आरशांची झूल, कपाळावर कलगी, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवर जरीचं खोगीर. नवी पेठेतून परण्या निघाला तर दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर यायचे.

आणि नवरदेव मांडवाच्या दारात उतरला, की तिथंच साज उतरवायचा. ही ह्यांच्या घराण्याची रीत. घोडीला भिजवलेली डाळ आणि गूळ द्यायचा, साजाचं गाठोडं बांधून बँडवाल्यांच्या गाडीत टाकायचं, आणि साधं खोगीर घालून घरी यायचं. नवरदेवाशिवाय सजलेली घोडी रस्त्यानं न्यायची नाही. म्हणे ह्यांच्या आजोबांच्या वेळी एकदा घाईत साज उतरवायचा राहिला. गावाच्या वेशीत बायकांनी लांबून आरसे चमकताना बघितले, वर नवरदेव नाही हे बघितलं, आणि पोरगं गेलं समजून हंबरडा फोडला. नवरदेव तिकडं पंगतीत जेवत होता. तेव्हापासून ही रीत कडक.

त्यामुळं व्हायचं असं, की तासभर जिच्याकडं सगळं सोलापूर माना वळवून बघायचं, ती घोडी घरी यायला निघायची ती दिवेलागणीला. मुहूर्त गोरज, परण्या त्याच्या आधी, म्हणजे सुटका व्हायची तोवर अंधार पडायला लागलेला. चिंचोक्याच्या रंगाची घोडी, वर काळसर कोट घातलेला काळसर माणूस, खाली काळं डांबर.

इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. कारण त्या वेळेला मी घरात भाकरी थापत असायची, रस्त्यावर नसायची. ज्या वर्षी निवृत्त झाले त्या वर्षी एका संध्याकाळी मी जुळे सोलापुरातून, लेकीच्या फ्लॅटवरून, रिक्षानं घरी येत होते. आमच्या वळणाच्या अलीकडं रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. समोर काहीतरी उंच, काळं हललं आणि बाजूला झालं. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून त्या घोडेवाल्याच्या आईबापांची चौकशी केली. मी तरी मागं कशी राहीन. आतून ओरडले, "डोळे फुटले का मेल्याचे, अंधारात जनावर घेऊन हिंडतोय."

त्या उंच काळ्यावरून आवाज आला, "मास्तरीण, फुडं जाऊन च्या टाक."

रिक्षावाला वळून माझ्याकडं बघायला लागला. "काकू, तुमच्यातलंच हाय व्हय?"

"आमच्यातलंच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि त्यात दोनदा साखर घातली. हे मात्र मिशीला चहा लावत शांत बसलेले. मी म्हटलं, "अहो, मी तुम्हाला ओळखलं नाही. पाच हातांवरून ओळखलं नाही."

"मी वळखलं की तुला. शिव्या दिल्या तवाच वळखलं."

"हसू नका. आज माझ्याच रिक्षानं तुम्हाला उडवलं असतं."

"मग माझ्याच पेन्शनीवर दावा लावायचा हुतास."

"तुम्हाला कुठली पेन्शन? माझी आहे."

"तेच म्हनतोय."

त्या रात्री नव्हे, पण पुढच्या आठवड्यात मला तो रोग जडला. निवृत्त शिक्षक ही जात वाईट. वर्ग सुटलेला असतो, पण खडू हातातच राहिलेला असतो. मला वाटायला लागलं, की या माणसाचा जीव एवढ्याच गोष्टीवर अडलाय: तो दिसला पाहिजे. दिसला की वाचला. इतकं सोपं उत्तर मिळालं म्हणून मी स्वतःवर इतकी खूश होते, की तेव्हाची ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही.

नंबरप्लेटी करणाऱ्या रेडियमवाल्याकडून मी चमकत्या पट्टीची गुंडाळीच्या गुंडाळी आणली. नवी पेठेतून रुंद इलॅस्टिक आणि पोरांच्या बुटांना असते तसली चिकटपट्टी आणली. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलं नारिंगी जाकीट, छातीवर पाठीवर चंदेरी पट्टे असलेलं, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. जुन्या दिवाणाचं रेग्झीन फाडून मी घोडीच्या पायांची मापं घेतली. माप घेताना घोडीनं माझ्या अंबाड्यातली वेणी खाल्ली. तरी मी थांबले नाही. मशीन बाहेर काढलं, चार पायांच्या चार पट्ट्या शिवल्या, छातीवरून जाणारा एक पट्टा आणि पाठीवर टाकायला एक छोटी चमकती झूल. मग सगळं पलंगावर मांडून ह्यांना बोलावलं.

"ह्ये काय?"

"जाकीट."

"कुनाचं?"

"तुमचं."

"मी डांबर टाकायला जातोय व्हय?" मग त्यांनी पायाची एक पट्टी उचलली. "आनि ह्ये? पैंजण?"

"घोडीच्या पायात बांधायचं. चालताना पाय हलतात, लांबून चटकन दिसतं."

"घोडीला इचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, मालकालाच अक्कल नाही, माझं कुठं चालतंय."

हे हसले, पण झूल बघितली आणि हसू गेलं. ती त्यांनी घडी करून माझ्या हातात परत दिली. "चमकतंय त्ये साज. नवरदेव उतरल्यावर साज न्हाय घालायचा."

"हा साज नव्हे हो. प्लास्टिक आहे."

"आरसं बी काचंचंच असत्यात की."

मग मी आवाज चढवला. मुलं ऐकत नसली की मी वर्गातही हेच करायची. विज्ञान सांगितलं, डोळ्यावर उजेड कसा पडतो ते सांगितलं, टॉर्च आणून भिंतीवर प्रयोग करून दाखवला. हे मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लई छान सांगतेस. पर न्हाय."

मग मी जे केलं ते लेकीनं अजून तिच्या सासरी सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी, ह्यांना कुठला परण्या नव्हता तेव्हा, मी लेकीचा पंजाबी ड्रेस घातला, वरून ते नारिंगी जाकीट घातलं, घोडीला सगळ्या पट्ट्या बांधल्या आणि पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढून घोडीवर बसले. आयुष्यभर घोडीशी लग्न झालं म्हणून मिरवणारी मी, घोडीवर बसायची ही पहिली वेळ. घोडीला मी गूळ देणारी बाई म्हणूनच माहीत. ती मान वळवून माझ्या मांडीला नाक घासून गूळ शोधत राहिली. ह्यांना मी फाटकात उभं केलं आणि म्हटलं, "मी वळणावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन येते. कुठपर्यंत दिसते ते बघा."

टपरीपर्यंत गेले कशी आणि परत आले कशी ते घोडीलाच ठाऊक. मी दोन्ही हातांनी तिची आयाळ धरली होती आणि डोळे बहुतेक मिटलेले होते. दिसणं हा माझा विषय होता, बघणं नव्हे. टपरीवर बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "काकू, रस्त्याचं टेंडर तुमाला मिळालं काय?" दुसरा म्हणाला, "अरे, नवरीच घोडीवर आली की. आता नवरदेवानं रिक्षानं यायचं." मी मान ताठ ठेवून परत फिरले. म्हणजे घोडी फिरली.

फाटकात हे कमरेत वाकून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"दिसले का?"

"दिसलीस. टेशनापातूर दिसली असशील."

मला उतरवताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि माझे घामानं भिजलेले तळवे त्यांना लागले. ते आपल्या सदऱ्याला पुसत म्हणाले, "पाठीवर काय बी न्हाय टाकायचं. छातीवर बी न्हाय. पायात बांद पायजे तर. आनि जाकीट घालीन मी. पर मांडवाच्या दारात न्हाय, तितनं फुडं आल्यावर."

मी जिंकले. मला तसंच वाटलं.

त्यानंतरचा लगीनसराईचा हंगाम मी फाटकात उभं राहून काढला. अंधार पडायला लागला की गाड्यांच्या उजेडात वळणावर आधी चार ठिपके दिसायचे, वरखाली वरखाली होणारे. मग त्यांच्यावर डुलणारा नारिंगी चौकोन. मग टापा ऐकू यायच्या. त्या चार ठिपक्यांकडं बघताना छातीत जे व्हायचं, ते बघायला आले त्या दिवशी खिडकीतून बघतानाही झालं नव्हतं. मी शेजारणींना दाखवायची. बघा, कसे येताहेत, वीजच जणू. शहरातल्या दुसऱ्या दोन घोडेवाल्यांनाही मी पट्ट्या शिवून दिल्या. एकानं बांधल्या, एकानं त्या मुलाच्या सायकलीला लावल्या. बँडवाले मला रेडियमकाकू म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकते.

त्याच सुमाराला रस्ता रुंद करायचं काम निघालं. निघालं म्हणजे बोर्ड निघाले. काम कुठं दिसायचं नाही. एका बाजूचं डांबर उखडून ठेवलेलं, मध्ये खडीचे ढीग, आणि जिथंतिथं बोर्ड, पिंपं, लोखंडी जाळ्या, सगळ्यांना माझ्याच रेडियमसारखं रेडियम. पहिले काही दिवस गाड्या हळू झाल्या. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, बोर्ड तिथंच. काही आडवे झाले, काहींच्या मागं बाया भाजीच्या पाट्या ठेवून बसायला लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना ते पाठ झाले. कुणी त्यांच्याकडं बघेना. मीसुद्धा बघत नव्हते. मी फक्त माझे चार ठिपके बघत होते.

त्या दिवशीचा परण्या जवळच्याच कार्यालयातला होता, त्यामुळं हे लवकर येणार होते. आकाशात अजून जरा तांबडं होतं. मी फाटकात उभी. वळणावर ठिपके दिसले. हे अगदी कडेनं, डांबराच्या टोकावरून येत होते, नेहमीसारखे. त्यांच्या मागून एक पिकअप येत होती. माझ्या बाजूनं जाणाऱ्या गाड्यांच्या उजेडात पट्ट्या लखलख चमकत होत्या आणि मी मनात म्हटलं, बघ, किती छान दिसतंय. पिकअपच्या मागून एस्टी येत होती. एस्टीनं लांब हॉर्न दिला. घोडी बिचकली आणि डावीकडं जायच्या ऐवजी आत, रस्त्याच्या बाजूला सरकली. दोन पावलंच. माझ्या चार ठिपक्यांतला एक एकदम वर गेला. मग बाकीचे कुठं गेले ते मला दिसलं नाही, कारण मी पळत होते.

हे खडीच्या ढिगाजवळ पडले होते. तोंडानं नीट बोलत होते. मी जवळ बसले तर म्हणाले, "माझं बघू नको, घोडी बघ." घोडी तीन पायांवर उठायचा प्रयत्न करत होती. उठायची, पडायची. मागच्या डाव्या पायाकडं मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. त्या पायातली पट्टी जागच्या जागी होती. चिकटपट्टी चांगली लागली होती.

ह्यांना दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता. घोडीला गावकऱ्यांनी ताडपत्रीवर घालून बाजूला घेतलं, आणि सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी फार वेळ लावला नाही. मी ह्यांच्याजवळ होते, त्यामुळं इंजेक्शन दिलं तेव्हा तिच्याजवळ दीर होते, ह्यांचे थोरले भाऊ. ते नंतर दवाखान्यात आले, केळी ठेवली, आणि खुर्चीत बसून म्हणाले, "चमकतंय त्ये साज. मी कवाच म्हनलं हुतं."

पलंगावरून हे म्हणाले, "दादा, पायात हुतं. पाठीवर न्हवतं."

"पायात काय आनि पाठीवर काय."

"फरक हाय," हे म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं. माझी बाजू त्यांनी घेतली ती अशी. मला वाटत होतं, त्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं. ते ओरडले नाहीत.

पिकअपचा ड्रायव्हर तिसऱ्या प्रहरी आला. अक्कलकोटच्या पलीकडचा, तिशीचा असेल. हातात नारळपाणी. दारातच उभा राहिला. मी त्याच्यासाठी भाषण तयार ठेवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून ते मी घोकलं होतं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यात उजेड होता, अंतर होतं, माणुसकी होती. सुरुवात अशी होती: तुला दिसलं कसं नाही?

मी तेवढंच म्हटलं. "तुला दिसलं कसं नाही रे?"

"दिसलं की काकू," तो म्हणाला. "लई लांबनं दिसलं."

मी पुढचं वाक्य विसरले.

"मी पेलेलो नव्हतो. देवाशप्पत. झोप बी नव्हती. त्ये चमकत होतं, मी बघितलं. मला वाटलं बोर्ड हाय. ह्या रस्त्याला चमकतंय त्ये बोर्डच असतंय की. आनि बोर्डाला कोन गाडी हळू करतंय, काकू? बोर्ड जागेवरच ऱ्हातंय. म्हनून मी जवळनं काढली. मागनं यष्टी हॉर्न मारायली, म्हनून अजून जरा कडंला घेतली. तेवढ्यात," त्यानं हात पुढं केला, "बोर्ड आडवं आलं."

तो हे सांगताना रडत होता. खोटं बोलत नव्हता. मला तो खोटं बोलायला हवा होता.

पलंगावरून हे म्हणाले, "खरं हाय त्याचं. मी बी कधी बोर्डाला बघून थांबलो न्हाय." मग त्याला म्हणाले, "त्ये नारळपानी दे हिकडं. मास्तरणीला दे. तिनं काल धरनं काय खाल्लं न्हाय."

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या रिकाम्या शहाळ्याकडं बघत बसले. ह्यांना मी अंधारातून बाहेर काढलं होतं आणि बोर्डांच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. कुणाच्याच लक्षात आलं नसतं. पण माझ्यासारख्या, टॉर्च घेऊन भिंतीवर प्रयोग करणाऱ्या बाईच्या लक्षात येणं तर अजिबातच शक्य नव्हतं.

हे घरी आल्यावर मी रस्त्याच्या कामावर गेले. अजून थोडा खडू हातात होता. मुकादमाला म्हटलं, काम चालत नाही तर हे बोर्ड काढा तरी. लोकांना सवय झाली आहे. तो माणूस भला होता. त्यानं मला खुर्ची दिली, आणि म्हणाला, "काकू, बोर्ड काढले तर परवाच कुनीतरी खड्ड्यात जाईल. मग तुमीच येऊन म्हनशीला, बोर्ड का लावला न्हाय." मी म्हटलं, मग काम तरी करा. तो म्हणाला, "त्ये माझ्या हातात न्हाय." ते खरंच त्याच्या हातात नव्हतं. मग कुणाच्या हातात आहे ते विचारलं, तर त्यानं वर आकाशाकडं बोट केलं. तिथं देव आहे की वरचा साहेब, मला कळलं नाही. मी त्याच्या खुर्चीवर बसून पाणी प्याले आणि घरी आले. ज्याच्यावर चिडावं असा एकही माणूस मला त्या सबंध रस्त्यावर सापडला नाही.

याला काही वर्षं झाली. रस्ता आता मोठा झाला आहे, म्हणजे काही ठिकाणी झाला आहे. हे वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. पत्र्याखाली लेकीची जुनी स्कूटर आहे. तिच्यावर ताडपत्री टाकलेली असते, आणि संध्याकाळी ह्यांची खुर्ची मी तिच्याकडं पाठ करून ठेवते. नवी घोडी घेऊ असं लेक एकदा म्हणाली. हे म्हणाले, "कुनी बसायचं तिच्यावर? मास्तरीण?" आम्ही सगळे हसलो, आणि विषय तिथंच राहिला. खुबा ढग आले की दुखतो. सोलापुरात ढग फार येत नाहीत, तेवढाच फायदा.

गेल्या महिन्यात तो घोडेवाला आला, माझ्या पट्ट्या सायकलीला न लावता घोड्याला बांधणारा. त्यानं नवी घोडी घेतली होती. पांढरी. तिला घेऊनच आला, ह्यांना दाखवायला. ह्यांनी वॉकर सोडून तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिचे दात बघितले, खुर बघितले, चांगली आहे म्हणाले. अंधारायला लागलं होतं. निघताना तो माझ्याकडं वळला.

"काकू, आधीच्या पट्ट्या झिजल्या. हिच्यासाठी शिवून द्या की."

माझ्याकडं गुंडाळी अजून होती. रेडियम खराब होत नाही. पण मी जागची हलले नाही.

"का ओ? शिवत न्हाय आता?"

"तुला माहीत आहे ना काय झालं ते."

"माहीत हाय की. म्हनून तर इचारतोय. तुमच्याइतकं ह्यातलं कुनाला कळतंय?" तो थट्टा करत नव्हता. "तुमी सांगा. बांदू का नको?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर ह्या माणसाचं काहीतरी मत असायचं. ते घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिले आणि म्हणाले, "मला नगं इचारू."

"बिनरेडियमची नेली तर दिसत नाही," मी म्हटलं.

"व्हय."

"रेडियमची नेली तर बोर्ड दिसतो."

"व्हय." त्यानं लगाम हाताला गुंडाळत विचारलं, "मग?"

मी आत गेले. मशीनवरचं कापड काढलं आणि चार पट्ट्या शिवल्या. हात सवयीनं चालत होते. तोवर ह्यांनी त्याला चहा पाजला. पट्ट्या बांधायला मी वाकले तर घोडीनं पाय उचलून दिला, शहाण्या पोरीसारखा. त्याच्या अंगात ह्यांच्यासारखंच नारिंगी जाकीट होतंच, जुनं झालेलं. जाताना काय सांगतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, सावकाश जा.

"सावकाशच जातो की काकू. सावकाश जानारा मी एकटाच असतोय."

मी फाटकात उभी राहून बघत होते. टापा ऐकू येईनाशा झाल्या तरी ठिपके दिसत होते. वळणाच्या पुढं अजून काम चालू आहे, तिथं बोर्डांची रांग आहे. मागून एका ट्रकचा उजेड पडला आणि सगळं एकदम चमकलं. त्यातला तो कुठला आणि बोर्ड कुठला, हे मला काही केल्या सांगता येईना.